रंगांनी बोलणारे कोष्टक

छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. तेथील भातशेतीचा मोठा भाग मोसमी पावसावर अवलंबून आहे. म्हणून कोणत्या जिल्ह्यात किती पाऊस पडला, हे वेळीच कळणे अगत्याचे असते. रायपूरच्या हवामान केंद्रातून ही माहिती दिली जाते. परंतु आकड्यांच्या लांबलचक रांगांतून कोरडा जिल्हा शोधून काढणे डोळ्यांना कष्टाचे होते. अशा वेळी रंग साहाय्यास येतो.

प्रथम पडलेल्या पावसातून सरासरी पाऊस वजा करतात आणि येणारा फरक सरासरीच्या शेकडा प्रमाणात मांडतात. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत हा फरक उणे १९ ते अधिक १९ टक्के असल्यास पाऊस सर्वसाधारण मानून जिल्ह्यास हिरवा रंग देतात. २० ते ५९ टक्के जादा पावसास फिकट निळा, तर ६० टक्के व त्याहून जादा पावसास गडद निळा रंग असतो. तूट २० ते ५९ टक्के असल्यास तांबडा, ६० ते ९९ टक्के असल्यास पिवळा आणि पाऊस मुळीच न पडल्यास पांढरा.

संगणकावरील स्प्रेडशीटलाही हा नियम सांगता येतो. फरकाचा स्तंभ निवडावा आणि ‘मूल्य अमुक मर्यादेत असल्यास चौकटीस अमुक रंग द्यावा’ अशी एकेक अट घालावी. पुढे आकडा बदलला की रंगही आपोआप बदलतो. हाताने रंगविलेली चौकट मात्र जुनाच रंग दाखवीत राहते आणि पाहणाऱ्याची फसगत करते.

तथापि रंगालाही मर्यादा आहेत. समजा, एका जिल्ह्याची सरासरी २०० मिलिमीटर आहे. तेथे १६२ मिलिमीटर पाऊस पडला तर चौकट हिरवी, १६० पडला तर तांबडी! दोन मिलिमीटरांनी पिकाची स्थिती पालटत नाही. पालटतो तो केवळ वर्ग. शिवाय हवामानाच्या इशाऱ्यांत तांबडा रंग सर्वांत गंभीर असतो, पण पावसाच्या नकाशात पिवळ्याची तूट तांबड्याहून मोठी असते. काही व्यक्तींना तर तांबड्या-हिरव्यातील भेदच नीट दिसत नाही.

यास्तव रंगांची सूची कोष्टकाजवळ द्यावी आणि चौकटीतील आकडा कधीही पुसू नये. कोठे पाहावे हे रंग सुचवितो. तेथे काय घडले आहे, हे आकडाच सांगतो.