स्वस्त शेअर, महाग कर्ज : इंग्लंडच्या पब कंपन्यांचा हिशेब

एखाद्या मोठ्या कंपनीचा शेअर कोसळला की बाजारात दोन गट पडतात. एक म्हणतो, एवढी मालमत्ता असलेली कंपनी इतक्या स्वस्तात पुन्हा मिळणार नाही. दुसरा म्हणतो, मालमत्ता कंपनीची आहेच कुठे? ती तर कर्ज देणाऱ्यांकडे गहाण आहे. २००८ नंतरची काही वर्षे इंग्लंडमधील छोट्या गुंतवणूकदारांमध्ये हाच वाद रंगला होता. निमित्त होते पंच टॅव्हर्न्स आणि एंटरप्राइज इन्स या दोन कंपन्यांचे.

या कंपन्यांचा धंदा दारूच्या पबचा. तो आपल्या वाचकांसाठी वर्ज्य आहे, त्यामुळे त्यांचा शेअर घ्यावा की घेऊ नये हा प्रश्न आपल्यापुढे येत नाही. परंतु त्यातला कर्जाचा हिशेब कोणत्याही कर्जबाजारी कंपनीला लागू पडतो. कर्ज काढून वाढवलेल्या दुकानाला किंवा कारखान्यालाही तो तितकाच लागू आहे. म्हणून तो समजून घेणे आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना उपयोगाचे ठरेल.

या कंपन्या कशा उभ्या राहिल्या?

पूर्वी इंग्लंडात बिअर बनविणाऱ्या बड्या कंपन्याच हजारो पबांच्या मालक होत्या. आपल्या पबात त्या आपलाच माल विकत. १९८९ साली सरकारने आदेश काढला की, ज्यांच्याकडे २,००० पेक्षा जास्त पब आहेत त्यांनी त्यावरील पबांपैकी निम्मे १९९२ पर्यंत या बंधनातून मोकळे करावेत. त्यामुळे हजारो पब विक्रीला निघाले आणि ते विकत घेण्यासाठी नव्या कंपन्या निघाल्या. एंटरप्राइज इन्स १९९१ साली सुरू झाली व १९९५ साली शेअर बाजारात आली. पंच टॅव्हर्न्स १९९७ साली स्थापन झाली आणि २००२ साली बाजारात आली.

या कंपन्या बहुतेक पब स्वतः चालवीत नसत. जागा कंपनीची, चालविणारा भाडेकरू. भाडेकरूने भाडे द्यायचे आणि शिवाय बिअर कंपनीमार्फतच घ्यायची. कंपनी ती बनविणाऱ्याकडून मोठ्या सवलतीत घेई आणि भाडेकरूला चढ्या भावाने देई. जागेच्या मालकाने दुकानदाराला सांगावे की, गाळा माझा आहे तेव्हा मालही माझ्याकडूनच भरा, तसाच हा प्रकार. कंपनीला भाडेही मिळे आणि मालावरचा नफाही.

जागा मालकीच्या आणि भाडे नियमित, हे पाहून कर्ज देणाऱ्यांनी हात सैल सोडला. पबांचा एकेक गट बाजूला काढून त्याच्या उत्पन्नावर दीर्घ मुदतीचे कर्जरोखे विकले गेले. आलेल्या पैशातून आणखी पब घेतले गेले. पंचने २००३ साली पबमास्टर आणि २००६ साली स्पिरिट या कंपन्या घेतल्या. एंटरप्राइजने २००४ साली युनिक ही कंपनी घेतली. २००८ च्या सुमारास पंचकडे आठ हजारांहून अधिक पब आणि ४०० कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते. एंटरप्राइजकडे सात हजारांहून अधिक पब आणि ३५० कोटी पौंडांहून अधिक कर्ज होते.

दहा लाखांच्या गाळ्याचे गणित

कर्जामुळे शेअरची किंमत इतकी का हेलकावते, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू. समजा, आपण १० लाखांचा गाळा घेतला. त्यात स्वतःचे २ लाख आणि कर्जाचे ८ लाख. गाळ्याचा भाव दहा टक्के वाढून ११ लाख झाला, तर कर्ज वजा जाता आपले ३ लाख उरले. भाव वाढला दहा टक्के, आपला पैसा वाढला पन्नास टक्के. पण भाव दहा टक्के उतरून ९ लाख झाला, तर आपले २ लाखांचे १ लाख झाले. वीस टक्के उतरला तर आपले काहीच उरले नाही, कर्ज मात्र ८ लाखांचे ८ लाखच राहिले.

शेअर म्हणजे कर्ज वजा जाता उरणारा हा पातळ थर. तेजीत हा थर झपाट्याने जाड होतो आणि कंपनीचे चालक हुशार ठरतात. मंदीत तोच थर सर्वांत आधी विरघळतो.

मंदी आली ती अनेक बाजूंनी. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमधील पबांत धूम्रपानास बंदी झाली. सुपरमार्केटात बिअर स्वस्त मिळत असल्याने लोक घरीच पिऊ लागले. पुढच्या वर्षी जागतिक आर्थिक संकट आले आणि जागांचे भाव उतरले. भाडेकरू तोट्यात गेले, काहींनी पब सोडून दिले. त्यांना भाड्यात सूट द्यावी लागली की कंपनीचे उत्पन्न तेवढे घटे. २००७ साली १,२०० पेन्सच्या वर गेलेला पंचचा शेअर २००८ च्या अखेरीस १०० पेन्सच्या खाली आला. एंटरप्राइजचा शेअर २००७ साली ७०० पेन्सच्या वर होता. २०११ च्या अखेरीस तो ५० पेन्सच्याही खाली गेला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

शेअर घ्या म्हणणाऱ्यांचे मुद्दे वजनदार होते. ताळेबंदाप्रमाणे कर्ज वजा जाता प्रत्येक शेअरमागे असलेली मालमत्ता बाजारभावाच्या कितीतरी पट होती. कर्ज दीर्घ मुदतीचे होते, त्यामुळे उद्याच सगळे फेडा असे कोणी म्हणू शकत नव्हते. काही पब विकून कर्ज कमी करता येत होते. शिवाय कंपनीचे स्वतःचेच रोखे बाजारात दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात मिळत होते. ते परत विकत घेतले तर १०० चे कर्ज ७०-८० मध्ये मिटविण्यासारखे होते.

विरोधकांचे म्हणणे असे की, पबची किंमत भाड्यावरून ठरते आणि भाडे भाडेकरूच्या गल्ल्यावरून. गल्ला आटला तर ताळेबंदातली किंमत कागदावरच राहते. पब विकले की कर्ज कमी होते, पण त्याबरोबर ते फेडणारे उत्पन्नही कमी होते. रोख्यांची एक अट होती की, गटाचे उत्पन्न व्याज आणि हप्ता यांच्या ठरावीक पटीखाली जाता कामा नये. गेले तर मुख्य कंपनीने खिशातून भर घालायची, नाहीतर सूत्रे रोखेधारकांकडे. आणि रोखे दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात मिळतात, याचाच अर्थ रोखेधारकांनाही पूर्ण पैसे परत मिळण्याची खात्री नाही. ज्याचा हक्क पहिला त्यालाच खात्री नसेल, तर ज्याचा हक्क शेवटचा त्याने कशाच्या भरवशावर राहावे?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता. मालमत्ता किती, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. पण निकाल लागला तो पहिला हक्क कोणाचा आणि देणे कधी द्यायचे, या दोन गोष्टींवर.

निकाल काय लागला?

जून २००९ मध्ये पंचने १०० पेन्स भावाने नवे शेअर विकून ३७.५ कोटी पौंड उभे केले. २०११ साली कंपनीचे दोन भाग झाले. स्पिरिट वेगळी निघाली आणि पंचच्या प्रत्येक शेअरमागे स्पिरिटचा एक शेअर मिळाला. स्पिरिटवरचे कर्ज त्या मानाने हलके होते. २४० कोटी पौंडांच्या आसपासचे ओझे जुन्या पंचकडे राहिले. तिचे बहुतेक पब दोन रोखे-गटांत अडकलेले होते आणि त्यांच्या अटी पाळण्यासाठी मुख्य कंपनीला भर घालावी लागत होती. दीर्घ वाटाघाटींनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये तडजोड झाली. कर्ज सुमारे ६० कोटी पौंडांनी कमी झाले, पण त्या बदल्यात कंपनीची ८५ टक्के मालकी रोखेधारकांकडे गेली. जुन्या भागधारकांकडे १५ टक्के उरली आणि त्यांच्या २० शेअरांचा एक शेअर झाला. २०१७ साली हाइनेकेन व पॅट्रन कॅपिटल यांनी पंच विकत घेतली ती १८० पेन्स भावाने, म्हणजे जुन्या एका शेअरला अवघे ९ पेन्स.

दुसऱ्या भागाचे मात्र वेगळे झाले. २०१५ साली ग्रीन किंगने स्पिरिट सुमारे ७७ कोटी पौंडांना घेतली. तिच्या एका शेअरला १०० पेन्सच्या वर मोबदला पडला, बराचसा ग्रीन किंगच्या शेअरांच्या रूपात. धंदा एकच, मूळ भागधारकही तेच. कर्ज हलके असलेल्या भागाने पैसे परत दिले, जड कर्जाच्या भागाने जवळजवळ काहीच दिले नाही.

एंटरप्राइजची गोष्ट तिसरी. तिचे कर्ज एकाच साच्यात अडकलेले नव्हते. काही बँकांचे, काही स्वतंत्र रोखे, काही युनिकच्या गटावरचे. दरवर्षी पब विकत, लाभांश थांबवून, तिने कर्ज हळूहळू खाली आणले. ईआय ग्रुप असे नाव घेतलेली ही कंपनी मार्च २०२० मध्ये स्टोनगेटने २८५ पेन्स भावाने विकत घेतली. ५० पेन्सच्या आत घेणाऱ्यांचे पैसे कितीतरी पट झाले. पण २००७ साली ७०० ला घेऊन बसलेल्यांना बारा वर्षे थांबूनही निम्मे मिळाले नाहीत. आणि सौद्याच्या सुमारे ३०० कोटी पौंडांपैकी भागधारकांचा वाटा १२७ कोटींचाच होता. बाकीचा आकडा कर्जाचा होता.

आपण काय पाहावे?

शरियतच्या निकषांवर शेअर निवडणाऱ्या निर्देशांकांनी कर्जाला मर्यादा घातली आहे. १९९९ साली सुरू झालेला डाऊ जोन्स इस्लामिक मार्केट निर्देशांक दारूच्या कंपन्या वगळतोच, शिवाय ज्यांचे कर्ज दोन वर्षांच्या सरासरी बाजारमूल्याच्या ३३ टक्क्यांच्या आत नाही त्यांनाही वगळतो. मुंबईतही २०१० साली बीएसई टॅसिस शरिया ५० हा असा निर्देशांक निघाला. व्याजाचा प्रश्न श्रद्धेचा आहेच, पण या नियमात व्यवहाराचे शहाणपणही आहे. पंच काय आणि एंटरप्राइज काय, दारूचा मुद्दा बाजूला ठेवला तरी त्या या चाळणीतून खाली पडल्या असत्या.

म्हणून कोणी कर्जबाजारी कंपनीचा पडलेला शेअर सुचविला, तर भाव पाहण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. एकूण कर्ज किती आणि ते पुढच्या दोन-तीन वर्षांत किती फेडायचे आहे? कोणती मालमत्ता कोणाकडे गहाण आहे? व्याज आणि हप्ता दिल्यावर हातात रोख काही उरते का? आणि कंपनीचे कर्जरोखे बाजारात पूर्ण किमतीला विकले जातात की सवलतीत? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘सवलतीत’ असे आले, तर समजावे की आपल्या आधीच्या रांगेत उभे असलेलेही धास्तावले आहेत.

हेच प्रश्न आपल्या दुकानाच्या वहीलाही विचारता येतात. गाळा किती लाखांचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असते. धंदा वीस टक्के घटला तर हप्ता कुठून जाईल, हे मात्र वही उघडून पाहावे लागते. ती धंदा चांगला चालला आहे तेव्हाच उघडलेली बरी, कारण तेव्हा कर्ज कमी करणे आपल्या हातात असते.