२५ गुणांचे मोल ९ कोटी ६० लाख

३० टक्के. केंद्र सरकारच्या बांधकामाचे कंत्राट देताना गुणवत्तेला जास्तीत जास्त एवढाच भार देता येतो. ही मर्यादा अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांमधली. त्याआधीची सर्वसाधारण रीत सरळ होती: पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी तो ‘एल-वन’, आणि काम त्याचे. आता सक्षम अधिकाऱ्याने एखादे काम गुणवत्ताप्रधान म्हणून जाहीर केले, तर दर आणि गुणवत्ता अशा दोन्हींचे गुण एकत्र मोजता येतात.

मोजून पाहू. एका काल्पनिक पुलासाठी दोन निविदा आल्या. पहिल्याचा दर ८० कोटी, गुणवत्तेत १०० पैकी ७०. दुसऱ्याचा दर ९० कोटी, गुणवत्तेत ९५. सर्वांत कमी दराला दराचे पूर्ण ७० गुण मिळतात, इतरांना त्या प्रमाणात कमी; म्हणून पहिल्याची बेरीज ७० अधिक २१, म्हणजे ९१. दुसऱ्याला दराचे ६२.२२ आणि गुणवत्तेचे २८.५, एकूण ९०.७२. काम पहिल्यालाच! दुसऱ्याने ८९ कोटी ६० लाख भरले असते तर बरोबरी झाली असती. थोडक्यात, गुणवत्तेतल्या २५ गुणांच्या आघाडीला १२ टक्के जादा दर परवडतो, त्यापुढे नाही.

गंमत अशी, की त्याच पुलाचा आराखडा करणारा सल्लागार निवडताना केंद्राचे वित्तीय नियम गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत भार देऊ देतात. तेच गुण ८०:२० ने मोजले, तर दुसरा ९३.७८ वर जातो आणि पहिला ७६ वर अडकतो. रेषा मारणारा गुणवत्तेवर निवडायचा आणि काँक्रीट ओतणारा भावावर, असा हा हिशेब.

३० च्या मर्यादेमागची भीती खोटी नाही. दर सगळ्यांना दिसतो; गुण समिती देते, आणि तिथे मर्जी शिरू शकते. पण ‘वीस टक्के बिलो’ने, म्हणजे अंदाजित खर्चापेक्षा वीस टक्के कमी दराने, घेतलेल्या कामात ती तूट कुठून भरून निघते, हे साइटवरचा कोणताही अभियंता सांगेल. जपानने २००५ मध्ये सार्वजनिक बांधकामांच्या गुणवत्तेसाठी स्वतंत्र कायदाच केला आणि दराबरोबर तांत्रिक बाजूही तोलायला लावली.

खर्च विभागाच्या त्याच २०२१ च्या सूचनांमधले एक कलम मात्र फारसे चर्चेत येत नाही: काम चालू असताना सादर होणाऱ्या बिलाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजी दिवसांत द्यावी. महाराष्ट्रात थकीत बिलांसाठी कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या आहेत. पैसे कधी मिळतील याचा भरवसा नसेल, तर चांगला कंत्राटदार निविदाच भरत नाही. मग गुण द्यायचे कोणाला?

पूल, बोगदे, रुग्णालये यांच्यासाठी गुणवत्तेच्या भाराची ३० टक्क्यांची मर्यादा निदान ५० टक्क्यांवर न्यायला हवी. आणि ते गुण चकचकीत सादरीकरणाला नकोत. आधीच्या कामांच्या दोषदायित्व काळात, म्हणजे काम संपल्यावर दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असते त्या काळात, किती दुरुस्त्या कराव्या लागल्या, त्या नोंदी पाहून द्यावेत.