संगणकाची रांग

हिंगणघाटच्या बाजारांतील कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिली असेल. कांटे अनेक व रांग एकच असली, तर तिच्या तोंडाशीं गर्दी होते. प्रत्येक कांट्यास निराळी रांग दिली, तर एक कांटा रिकामा व दुसऱ्यापुढें खोळंबा, असें घडतें.

अनेक प्रोसेसरांच्या संगणकापुढें हीच अडचण असते. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ मध्यें ६४ प्रोसेसर होते. आज एकाच संगणकांत त्याहून अधिक असूं शकतात. लिनक्स ही कार्यप्रणाली प्रत्येक प्रोसेसरास स्वतंत्र रांग देते आणि मधून मधून भार सारखा करते. परंतु काम हलविलें कीं जवळच्या स्मृतींतील माहिती मागें राहते; ती पुन्हां आणावी लागते. पाळी आंखूड ठेवली, तर कोणी फार ताटकळत नाहीं, पण अदलाबदलींतच वेळ जातो. लांब ठेवली, तर उलट.

म्हणून जाणते लोक आधीं मोजतात, एकच गोष्ट बदलतात व पुन्हां मोजतात. पावसाच्या अंदाजाचें गणित उशिरां सुटलें, तर शेतकऱ्यास त्याचा काय उपयोग? रिकामा हात व खोळंबलेलें काम एकाच वेळीं दिसूं नये, हेंच या खटाटोपाचें सार आम्हांस वाटतें.