फिरत्या घराचें शौचकूप

ऊर्जानगर ही चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. तिच्या बाजूनें जाणारा मोहर्लीचा रस्ता पुढें ताडोबाच्या अरण्यास मिळतो. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हान पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. कॅराव्हान म्हणजे निजण्याची, रांधण्याची व शौचाची सोय असलेली मोटारगाडी. तिच्यांतील शेगडी बिघडली तर एक वेळ उपास घडतो. शौचकूप बिघडलें तर मात्र सारें कुटुंब गाडीबाहेर येतें.

अशा गाड्यांत एक रचना पुष्कळदां आढळते. बैठकीच्या तळाशीं सरकतें पातें असतें व त्याखालीं सुमारें १८ ते २० लिटरांचा, बाहेर काढतां येणारा डबा असतो. पात्याच्या कडेस रबराचें कडें असतें. घरच्या शौचकूपांत वांकड्या नळींत साचलेलें पाणी दुर्गंधी अडवितें. धावत्या गाडींत पाणी हिंदकळतें, म्हणून तेंच काम येथें रबराकडे सोंपविलेलें असतें.

चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो. गाडी उन्हांत उभी राहिली कीं रबर सुकतें, आक्रसतें व वास पसरूं लागतो. लोक डब्यांत औषधें ओतीत बसतात. दोष मात्र कड्यांत असतो. त्याची पारख सोपी आहे. पातें मिटून भांड्यांत तांब्याभर पाणी ओतावें. अर्ध्या घटकेनें तें उतरलेलें दिसलें तर कडें गळतें असें समजावें.

दुरुस्तीसाठीं हातमोजे घालून डबा काढावा, रिता करावा व धुवावा. मग कड्याच्या खांचेंतील मळ कोंबट साबणपाण्यानें, मऊ फडक्यानें पुसावा. तेथें चाकू खुपसूं नये. रबरास चीर पडते. कडें नुसतें सुकलें असेल तर त्यास सिलिकोनचें वंगण हलक्या हातानें लावावें. रॉकेल किंवा व्हॅसलीन लावूं नये. खनिज तेलानें असें रबर फुगून निकामी होऊं शकतें. कडें चिरलें असल्यास त्याच बनावटीचें नवें बसवावें व पुन्हां पाणी ओतून पाहावें. तरीही गळलें, तर पातेंच वांकलें आहे असें समजावें. डब्यांत ब्लीचिंग पावडर कधींच टाकूं नये. मूत्रांतील अमोनियाशीं तिचा संयोग होऊन विषारी वायु निघतो.

डबा रिता कोठें करावा, हा प्रश्न दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा आहे. ताडोबाच्या कडेस इरई नदीवर धरण आहे. त्याच जलाशयाचें पाणी चंद्रपूर शहर पितें व विद्युत केंद्रही वापरतें. रानांतील ओढ्यांत ओतलेला मैला अखेर कोणाच्या तरी तांब्यांत उतरतो. सेप्टिक टँक असलेलें शौचालय गांठून, मालकाची परवानगी घेऊन, डबा तेथें ओतावा. तीव्र रसायनें त्यांत असूं नयेत. टाकींतील उपकारक जंतु त्यांनीं मरतात. आणि हें काम चार पैसे देऊन वाटेवरच्या गरिबावर लादूं नये. मैला हातानें उचलावयास लावणें २०१३ च्या कायद्यानें निषिद्ध आहेच. पण ज्यानें घर बरोबर आणलें, त्यानेंच त्याची घाण वाहावी, हा न्याय कायद्याहून जुना आहे.