गीझरला एमसीबी आहे, मग शॉक कसा बसतो?

थंडी सुरू झाली की अनेक घरांत नवा गीझर बसतो. ‘एमसीबी आहे, आता काळजी नाही,’ असे अनेकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे.

एमसीबी काय करतो?
तो वायरिंग वाचवतो. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. त्याचा १६ अँपिअरचा एमसीबी ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावरच ट्रिप होतो. माणसाच्या शरीरातून मात्र याच्या शेकडो पट कमी करंट गेला, तरी जीव जाऊ शकतो. एवढीशी गळती एमसीबीला कळतच नाही.

मग जीव कोण वाचवतो?
आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत येतो का, यावर त्याची नजर असते. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्यावा. तेवढी गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. सोबत अर्थिंगही हवेच. गीझरच्या टाकीत वीज उतरली, तर ती अर्थिंगच्या वायरने जमिनीत जाते आणि कुणी हात लावण्याआधीच आरसीसीबी ट्रिप होतो.

हे तपासा
• २००० वॉटच्या गीझरला स्वतंत्र सर्किट, किमान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा थ्री-पिन सॉकेट हवा.
• एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका.
• काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.
• आरसीसीबीवरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली नाही, तर गीझर बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा.