पातळ नळी लेथवर धरताना

50 मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी तीन जॉच्या चकमध्ये आवळली की ती तीन ठिकाणी दबते. त्याच अवस्थेत आतून बोअर मारला तर भोक चकमध्ये अगदी गोल भरतं. चक सैल केला की नळी मूळ आकाराकडे परत जाते आणि भोक तिकोनी होतं. गंमत म्हणजे व्हर्नियरला हा दोष सहसा सापडत नाही, कारण एका बाजूचा फुगवटा समोरच्या खळग्याची भरपाई करतो. जॉब व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलचं टोक भोकात टेकवा आणि जॉब फिरवा, सुई लगेच चुगली करते.

उपाय:

🔹 बाहेरून धरताना: नळीच्या मापाचा बुश करून त्याला एक उभी चीर द्या आणि नळी त्यात घालून चकमध्ये धरा. दाब सगळीकडे पसरतो. नळीच्या मापाला बोअर केलेले रुंद सॉफ्ट जॉही चालतात.

🔹 बाहेरून टर्निंग करताना: आत घट्ट बसणारा प्लग किंवा मँड्रेल हवाच.

🔹 वेडावाकडा आकार असेल तर: आत वुड्स मेटल ओततात. ते साधारण 70 अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून गरम पाण्यात निघून येतं. पण त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, तेव्हा हातमोजे आणि खेळती हवा हवी.

🔹 टूल धारदार आणि नोज रेडियस लहान ठेवा. शेवटच्या कटाआधी चक थोडा सैल करून पुन्हा हलक्या हाताने आवळा.

तुमच्याकडे वेगळी युक्ती असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा.