लग्नाआधीचा अर्धा तास, फक्त दोघांचा

लग्न घरच्यांच्या संमतीने होवो वा घर सोडून, त्या दिवशी एकमेकांशी चार शब्द बोलायला वधूवरांनाच सवड नसते. मांडवातल्या लग्नात हळद, मानपान आणि आहेर यांत दिवस जातो. अंतरपाट दूर होईपर्यंत नजरानजरही होत नाही. घरच्यांना न सांगता होणाऱ्या लग्नात तर मनावर सतत दडपण असते. कागदपत्रे आणली का, साक्षीदार पोहोचले का, वाटेत कोणी पाहिले तर नाही ना, याच विवंचनेत सह्या होतात, गळ्यात हार पडतात. आपण आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेतला, हे दुसऱ्या दिवशी लक्षात येते.

परदेशात मोजक्या माणसांत लग्न करणारी जोडपी विधीच्या आधी थोडा वेळ केवळ स्वतःसाठी राखून ठेवतात. आपल्याकडेही ही पद्धत येऊ लागली आहे, पण बहुधा छायाचित्रांपुरतीच. वास्तविक ज्यांच्या पाठीशी घर नाही, त्यांना या अर्ध्या तासाची गरज सर्वांत जास्त आहे. तो हौसेसाठी नव्हे, शेवटचा प्रश्न मोकळेपणाने विचारण्यासाठी हवा.

हा विचार तंजावरच्या संदर्भात केला तर अधिक स्पष्ट होतो. प्रेमविवाहाच्या कथा तिथे शतकानुशतके गायिल्या गेल्या, अशा विवाहांना सोपी वाट देणारा कायदा तिथे लागू आहे आणि त्यांची भयंकर किंमतही त्याच जिल्ह्यात मोजली गेली आहे.

रुक्मिणीने आखलेला बेत

तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. त्या काळात मराठी कीर्तनकार तिथे गेले. त्यांच्या साकी-दिंडीचा आणि स्थानिक संगीताचा मिलाफ होऊन दक्षिणेतील हरिकथा बहरली. या हरिकथेतले एक आवडते आख्यान म्हणजे रुक्मिणी-कल्याणम्. तंजावरजवळच्या मेलट्टूर गावी होणाऱ्या भागवत मेळ्याच्या नाटकांतही ते आहे. आपल्याकडे एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ लग्न जमावे म्हणून मुलींना वाचायला सांगतात. गंमत अशी, की ही कथा मुळात घरच्यांनी ठरवलेले स्थळ नाकारणाऱ्या मुलीची आहे!

विदर्भाची ही राजकन्या पत्र पाठवते आणि त्यात सगळा बेत स्वतःच आखून देते. लग्नाच्या आदल्या दिवशी नगराबाहेरच्या देवीच्या दर्शनाला जाण्याची आमची कुलरीत आहे, तेव्हा यावे, असे ती कळवते. तिला आणि कृष्णाला एकांत मिळाला नाही, हे खरे. सोबत सैनिक होते, सख्या होत्या. पण देवीपुढे उभी राहून तिने आपल्याला काय हवे ते स्वतः मागितले आणि मगच रथाकडे पाऊल टाकले. एवढ्या गडबडीतही स्वतःची इच्छा उच्चारण्याचा हा क्षण आपल्या कथाकारांनी वगळला नाही.

तामिळ परंपरेला तर हा विषय त्याहून जुना आहे. संगम काव्यात प्रियकरासोबत घर सोडून जाण्याला ‘उडन्पोक्कु’ असे नावच आहे. तिथे रखरखीत वाटेवरून जाणारे दोघे आहेत, तशीच मुलीच्या शोधात निघालेली, वाटसरूंना विचारत फिरणारी आईही आहे. दोन्ही बाजूंचे दुःख त्या कवींनी जाणले होते.

कायदा काय सांगतो?

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय विवाह लावला. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधूवर एकमेकांशी बोलतात, एकमेकांना वचन मागतात. तामिळनाडूत पेरियार यांच्या चळवळीने ‘स्वाभिमान विवाह’ रुजवला. अण्णादुराई यांच्या सरकारने १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून अशा विवाहांना मान्यता मिळवून दिली. दोघांनी इतरांच्या साक्षीने, समजेल त्या भाषेत एकमेकांना स्वीकारल्याचे सांगावे, किंवा एकमेकांना हार अथवा अंगठी घालावी, किंवा ताळी बांधावी, यांपैकी एक पुरे. यासाठी जाहीर समारंभ आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले.

धर्म वेगवेगळे असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती रद्द होते. म्हणजेच ३० दिवस झाल्याबरोबर त्याच सकाळी लग्न उरकलेच पाहिजे, असे नाही. मन तयार नसेल तर काही आठवडे थांबता येते.

अर्ध्या तासात काय बोलावे?

प्रेमाच्या गोष्टी बोलाव्यातच. पण त्याआधी काही प्रश्न एकमेकांना विचारलेच पाहिजेत:

• हे लग्न तुला मनापासून हवे आहे ना? की घरच्यांचा राग, दुसरीकडे लग्न ठरण्याची भीती किंवा मला दिलेला शब्द म्हणून करतो आहोत?

• आज ‘थांबू या’ असे म्हणावेसे वाटले तर? त्याबद्दल दोष द्यायचा नाही, हे वचन दोघांनी आधीच द्यावे. नकाराची मुभा असेल, तरच होकाराला अर्थ आहे.

• आज रात्री कुठे राहायचे? पैसे किती आहेत? जन्मदाखला, गुणपत्रिका, ओळखपत्रे कोणाजवळ आहेत? मुलीची कागदपत्रे आणि थोडे पैसे तिच्याच हाती असावेत.

• घरी कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत कळवायचे?

• ‘झाले गेले विसरा, घरी या’ असा निरोप आला तर काय करायचे?

शेवटचा प्रश्न अशुभ वाटेल, पण तो टाळू नये. जून २०२२ मध्ये तंजावर जिल्ह्यातच, कुंभकोणमजवळ, नुकतेच लग्न केलेल्या जोडप्याला जेवायला बोलावून ठार मारण्यात आले. मुलीच्या भावाला अटक झाली. जानेवारी २०२४ मध्ये याच जिल्ह्यात दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलेल्या तरुणीचा बळी गेला. पोलिसांनी तिला घरच्यांच्या स्वाधीन केले होते. आपल्या महाराष्ट्रालाही अशा घटना नव्या नाहीत. म्हणून निरोप आला तरी एकट्याने जायचे नाही, पहिली भेट तिऱ्हाइताच्या घरी किंवा वकिलाकडे घ्यायची, हे आधीच ठरलेले असावे. प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष असावा, सुरक्षित निवारा देण्याचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये बजावले आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

जागा आणि वेळ

धोका नसेल तर उघडी पण शांत जागा निवडावी. तंजावरात राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराचे प्रांगण सकाळी अतिशय प्रसन्न असते. ऊन चढण्याआधीच जावे, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि फरशी तापली की पाय भाजतात. रंगीत फुले आणि सुगंधी पाने गुंफलेला कदंबम गजरा एकमेकांना द्यावा, बाहेर येऊन गरम कॉफी घ्यावी. याहून अधिक थाट लागत नाही.

धोका असेल तर मात्र ओळखीच्या किंवा गजबजलेल्या ठिकाणी जाऊ नये. साक्षीदाराच्या घरातली एक खोली पुरे. एक विश्वासू मैत्रीण दाराबाहेर बसावी आणि दोघांचे फोन तिच्याकडे असावेत. अधिकाऱ्याची वेळ लिहून ठेवतो, तशीच या अर्ध्या तासाची वेळ लिहून ठेवावी. नाहीतर धावपळीत पहिला बळी त्याचाच जातो. बोलताना रडू आले तर आवरू नये. घर सुटण्याचे दुःख होणे म्हणजे निर्णय चुकला असे नव्हे.

आईवडिलांनाही एक सांगणे

हा लेख मुलांना पळून जायला शिकवतो, असे काही पालकांना वाटेल. पण जे प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारायचे, तेच आपण घरात विचारतो का? ‘तुला हे स्थळ मनापासून पसंत आहे का? नाही म्हणालीस तरी आम्ही रागावणार नाही,’ असे किती घरांत म्हटले जाते? रुक्मिणीच्या वडिलांनी मुलाच्या हट्टापुढे मान तुकवली, म्हणून तिला नगराबाहेरच्या देवळाची वाट धरावी लागली. ज्या घरात मुलीला आपले मन निर्भयपणे बोलता येते, त्या घरातून तिला रात्री चोरपावलांनी निघावे लागत नाही.